संगणकांतील जवळच्या वाटा
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. संगणकाच्या पडद्यावर एखाद्या चित्राच्या कोपऱ्यांत एक चिमुकला वांकडा बाण आपण पुष्कळांनीं पाहिला असेल. तो बाण काय सांगतो, तो तेथें कां आला, आणि त्याच्यामागें सुमारें साठ वर्षांचा कोणता इतिहास उभा आहे, हें मी आज थोडक्यांत सांगणार आहें. परंतु या इतिहासाकडे मी कसा वळलों तें आधीं सांगितलें पाहिजे. कारण कित्येकदां माणसाला शहाणपण येतें तें फजितीच्या द्वारानेंच.

कांहीं वर्षांपूर्वीं परगांवीं एका व्याख्यानाचें मला निमंत्रण आलें होतें. व्याख्यानासाठीं जमविलेलीं टिपणें, जुन्या कागदांचीं छायाचित्रें, नकाशे, असें सर्व साहित्य घरच्या संगणकांत एका फोल्डरांत होतें. तो फोल्डर दुसऱ्याच्या पोटांत, दुसरा तिसऱ्याच्या पोटांत, असा सहा-सात कप्प्यांच्या आंत दडलेला. रोज तितके कप्पे उघडण्याचा द्राविडी प्राणायाम टळावा म्हणून माझ्या पुतण्यानें त्या फोल्डराचें एक चित्र पडद्याच्या दर्शनी भागावर आणून ठेवलें होतें. निघण्याच्या घाईंत मीं तेंच चित्र उचलून पेन ड्राइव्हवर घातलें आणि गाडी गांठली. व्याख्यानाच्या ठिकाणीं तें उघडूं लागलों, तों यंत्रानें उत्तर दिलें कीं, ही वस्तु जेथें असल्याचें सांगितलें आहे तेथें ती नाहीं. साहित्य सारें घरींच राहिलें होतें. मीं बरोबर आणली होती ती केवळ त्याच्या पत्त्याची चिठ्ठी! त्या दिवशीं मी तासभर आठवणीच्या जोरावर बोललों. श्रोते सुजाण होते, त्यांनीं सांभाळून घेतलें. परंतु परतीच्या प्रवासांत एकच विचार मनांत घोळत राहिला. वस्तु, तिचें नांव आणि तिची जागा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत; मग आजवर मीं त्या एकच कशा समजलों?

हा प्रश्न माझ्या आधीं पुष्कळ मोठ्या माणसांना पडलेला आहे, हें पुढें मला कळलें.

कागद जपण्याची जुनी रीत म्हणजे कपाट, कपाटांत खण, खणांत गठ्ठा आणि गठ्ठ्यांत कागद. या व्यवस्थेचा गुण असा कीं, प्रत्येक कागदाला एक ठरलेली जागा मिळते. आणि दोषहि नेमका तोच कीं, त्याला एकच जागा मिळते. घरपट्टीची पावती ‘घर’ या गठ्ठ्यांत बांधावी कीं ‘कर’ या गठ्ठ्यांत? कोठेंहि बांधली तरी सहा महिन्यांनीं ती दुसऱ्याच गठ्ठ्यांत शोधली जाते, हा अनुभव कोणत्या घरांत नाहीं?

या दोषावर बोट ठेवणारा एक प्रसिद्ध लेख १९४५ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ‘अटलांटिक मंथली’ या मासिकांत आला. लेखक होते व्हॅनेव्हार बुश. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकन सरकारच्या शास्त्रीय संशोधनाची सूत्रें त्यांच्या हातीं होतीं. वर्गांतून उपवर्गांत, उपवर्गांतून पोटवर्गांत असें पायरी-पायरीनें उतरत जाणें ही संग्रहाची रीत खरी, परंतु माणसाचें मन तसें चालत नाहीं. तें एका गोष्टीवरून तिच्याशीं संबंध असलेल्या दुसऱ्या गोष्टीवर एकदम उडी घेतें, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनीं ‘मेमेक्स’ नांवाच्या मेजासारख्या एका यंत्राची कल्पना मांडली. सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें सांठविलेल्या ग्रंथांमधून वाचकानें आपल्याला हव्या तशा वाटा स्वतः पाडाव्या, अशी ती योजना. तें यंत्र प्रत्यक्षांत कधींच उतरलें नाहीं. पण वस्तु आहे तेथेंच राहूं द्यावी आणि तिच्याकडे जाणारी वाट मात्र माणसाच्या सोयीची असावी, हा विचार त्यानें मागें ठेवला.

प्रारंभींच्या संगणकांना ही अडचण भासली नाहीं. कारण त्यांच्यापाशीं जपून ठेवण्यासारखा संग्रहच फारसा नव्हता. ती भासूं लागली ती एकाच यंत्रावर अनेक माणसें काम करूं लागल्यावर. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो यांनीं १९६१ सालीं असें सामाईक यंत्र चालवून दाखविलें. पुढें त्याच संस्थेनें जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल प्रयोगशाळा यांच्या सहकार्यानें ‘मल्टिक्स’ नांवाची फार मोठी योजना हातीं घेतली. तिच्या संग्रहव्यवस्थेसंबंधींचा निबंध आर. सी. डेली व पी. जी. नॉयमन यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केला. आज आपल्या संगणकांत फोल्डरच्या आंत फोल्डर, त्याच्या आंत आणखी फोल्डर असा जो वृक्ष दिसतो, त्याची स्पष्ट मांडणी या निबंधांत आहे. खोडाला फांद्या, फांदीला डहाळ्या आणि डहाळीला पानें. कितीहि खोल जावें, बंधन नाहीं.

नवल असें कीं, ज्या निबंधानें हा वृक्ष लावला, त्याच निबंधांत त्याच्यावरचा उताराहि सांगितलेला आहे. फोल्डरांतील प्रत्येक नोंद ही खऱ्याखुऱ्या वस्तूकडे जाणारी फांदीच असली पाहिजे असें नाहीं. ती वृक्षाच्या दुसऱ्या भागांतील एखाद्या नोंदीकडे बोट दाखविणारा नुसता दुवा असूं शकते, असें लेखकद्वयानें लिहून ठेवलें. खोल कप्प्यांचा त्रास लोकांना होणार हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणजे माझ्या पुतण्यानें पडद्यावर ठेवलेल्या चित्राचा मूळपुरुष १९६५ सालचा आहे.

या घराण्याची पुढली पिढी अधिक मनोरंजक आहे. मल्टिक्सचें काम लांबत चाललें, तेव्हां १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें त्यांतून अंग काढून घेतलें. तेथील केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं मग पीडीपी-७ नांवाच्या एका लहानशा, त्या काळींहि जुन्या झालेल्या यंत्रावर स्वतःची व्यवस्था उभारली. तीच पुढें ‘युनिक्स’ या नांवानें जगप्रसिद्ध झाली. तिच्या त्या बाल्यावस्थेंत फोल्डर होते; पण ‘अमक्यांतील तमक्यांतील अमुक’ असा लांबचा पूर्ण पत्ता लिहिण्याची सोयच नव्हती. जें नांव घ्यावें तें आपण ज्या कप्प्यांत उभे आहोंत त्यांतीलच समजलें जाई. चालू यंत्रांत नवा फोल्डर निर्माण करणेंहि शक्य नव्हतें. मग काम चाले कसें? तर दुव्यांवर! दुसऱ्या कप्प्यांतील जी फाईल हवी असेल तिचा दुवा आपल्या कप्प्यांत आणून ठेवावयाचा आणि काम उरकावयाचें. पूर्ण पत्ता नसल्याची उणीव मुख्यतः या दुव्यांमुळेंच सुसह्य झाली, असें रिची यांनीं पुढें स्वतः नमूद केलें आहे. म्हणजे युनिक्सच्या जगांत पाऊलवाट आधीं झाली आणि हमरस्ता मागाहून आला. पीडीपी-११ या नव्या यंत्रावर व्यवस्था नेल्यावर तिरप्या रेघांनीं जोडलेले पूर्ण पत्ते रूढ झाले. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख घातलेल्या पहिल्या माहितीपुस्तकांत ते आढळतात.

युनिक्सच्या या दुव्यांत एक खोल तत्त्व आहे, तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. फाईल ही वस्तुतः कोणत्याच फोल्डरांत नसते. फोल्डरांत असतें तें तिचें नांव आणि एक अनुक्रमांक. त्या क्रमांकावरून यंत्र मूळ वस्तु हुडकून काढतें. तेव्हां एकाच क्रमांकाला दोन ठिकाणीं दोन नांवें देतां येतात आणि तीं दोन्ही सारख्याच योग्यतेचीं असतात. मुलीला माहेरीं एक नांव व सासरीं दुसरें असावें, तसा हा प्रकार. त्यांतलें खरें कोणतें हा प्रश्नच गैरलागू. एक नांव पुसलें तरी वस्तु जात नाहीं. शेवटचें नांव पुसलें जाईल तेव्हांच ती जाते.

परंतु या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. एका डिस्कवरील क्रमांक दुसऱ्या डिस्कवर निरर्थक ठरतो, म्हणून असा दुवा डिस्कची वेस ओलांडूं शकत नाहीं. दुसरी मर्यादा आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची. सामान्य माणसाला फोल्डराचा असा दुवा करण्याची मुभा नव्हती. कारण आंतल्या फोल्डरांत बाहेरच्याच फोल्डराला दुसरें नांव दिलें, तर बाप मुलाच्या पोटीं जन्मल्यासारखें होऊन वृक्षाचा फेरा कोठें संपेनाच! सारांश, खोल दडलेल्या फोल्डराकडे नेणारी वाट या मार्गानें मिळण्यासारखी नव्हती.

ती मिळाली १९८३ सालीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनीं युनिक्सची जी सुधारलेली आवृत्ति त्या सालीं काढली, तींत नव्या जातीचा दुवा होता. त्यांत क्रमांक नसे. असे तो नुसता लिहिलेला पत्ता. यंत्र तो पत्ता वाचतें आणि तेथें जातें. ही चिठ्ठी फोल्डराचीहि असूं शकते आणि दुसऱ्या डिस्कवरीलहि. चिठ्ठ्याच एकमेकींकडे बोट दाखवीत बसल्या, तर ठराविक फेऱ्यांनंतर यंत्र शोध सोडून देतें. सोय मोठी झाली, परंतु तिची किंमतहि पडली. मूळ वस्तु हलविली कीं चिठ्ठी खोटी ठरते, आणि ती खोटी ठरल्याचें तिला स्वतःला कळत नाहीं.

बर्कलीच्याच बिल जॉय यांनीं हुकूम टंकून काम करणारांसाठीं ‘सी शेल’ नांवाची व्यवस्था रचली. तींतील दोन युक्त्या या संदर्भांत सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, एका फोल्डरांतून दुसऱ्यांत जातांना पहिल्याचा पत्ता चवडीवर ठेवावा आणि परततांना तो वरून उचलावा. दुसरी म्हणजे, आपल्या घरच्या फोल्डराचा पूर्ण पत्ता न लिहितां नागमोडी रेघेचें एकच चिन्ह लिहावें. हें चिन्ह निवडण्याचें कारण मोठें गमतीचें आहे. जॉय ज्या टर्मिनलवर काम करीत, त्याच्या एकाच कळीवर ‘होम’ हा शब्द आणि ती नागमोडी रेघ असें दोन्ही छापलेलें होतें! तें टर्मिनल केव्हांच कालबाह्य झालें. त्याची खूण मात्र युनिक्सच्या वंशांतील संगणकांवर आजहि घराचा अर्थ सांगते.

येथवरचा इतिहास विद्यापीठें आणि प्रयोगशाळा यांचा झाला. आतां ही वाट आपल्या घरांत कशी आली तें पाहूं.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें व्यक्तिगत संगणक काढला, तेव्हां त्याच्या डॉस या व्यवस्थेंत फोल्डरच नव्हते. लहानशा तबकडीवर मावणाऱ्या फायलींना एक यादी पुरे होती. १९८३ सालीं दहा मेगाबाइटची स्थिर डिस्क असलेला संगणक आला आणि त्याबरोबर आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तींत फोल्डरांचा वृक्ष आला. वृक्ष आला तशी खोलीहि आली. म्हणून पुढल्या एका आवृत्तींत ‘सब्स्ट’ नांवाचा हुकूम देण्यांत आला. त्यानें कितीहि आंतल्या फोल्डराला एका अक्षराचें नांव देऊन ती जणूं एक स्वतंत्र डिस्कच आहे असा भास निर्माण करतां येई.

ॲपल कंपनीच्या १९८४ सालच्या मॅकिंटॉशवर फोल्डरांचीं सुबक चित्रें होतीं. पण तीं चित्रेंच होतीं. डिस्कवर साऱ्या फायली एकाच यादींत असत, त्यामुळें दोन निरनिराळ्या फोल्डरांतहि एकाच नांवाच्या दोन फायली ठेवतां येत नसत. खरे फोल्डर तेथें १९८५ सालीं आले. त्यानंतर १९९१ च्या मे महिन्यांत कंपनीनें आपल्या व्यवस्थेची सातवी आवृत्ति प्रसिद्ध केली; तींत ‘एलियस’, म्हणजे टोपणनांव, ही सोय होती. अशा टोपणनांवाचीं अक्षरें तिरपीं दिसत, म्हणजे ही मूळ वस्तु नव्हे हें पाहणाराला कळे. याहून मोठी गोष्ट अशी कीं, त्यांत पत्त्याबरोबर मूळ फाईलीचा क्रमांकहि नोंदलेला असे. त्यामुळें त्याच डिस्कवर मूळ वस्तूचें नांव बदललें किंवा जागा बदलली, तरी टोपणनांव तिला बिनचूक हुडकून काढी. बर्कलीची चिठ्ठी पत्त्याला धरून चालते; ॲपलची चिठ्ठी वस्तूला ओळखते. घर बदललें तरी माणसाला ओळखून पत्र पोंचविणारा गांवचा जुना पोस्टमन आणि पाकिटावरील पत्त्यापलीकडे न पाहणारा नवा उमेदवार, यांच्यांत जें अंतर तेंच या दोहोंत.

कोपऱ्यांतील वांकडा बाण घराघरांत पोंचविला तो मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज ९५’नें. ही व्यवस्था २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विक्रीस आली. तिच्यांतील ‘शॉर्टकट’ ही एक स्वतंत्र लहानशी फाईल असते. तींत मूळ वस्तूचा पत्ता आणि तिच्या कांहीं खुणा लिहिलेल्या असतात. वस्तु जागेवर सांपडली नाहीं, तर त्या खुणांवरून तिचा माग काढण्याचा प्रयत्न यंत्र करतें. विंडोज २००० पासून त्यासाठीं अधिक पक्की व्यवस्थाहि करण्यांत आली. परंतु मूळ डिस्कच जवळ नसेल, तर कोणताहि पोस्टमन काय करणार? माझ्या पेन ड्राइव्हवर जी वस्तु होती ती ही अशी. तिचें वजन फार तर एक-दोन किलोबाइट. तेवढ्यांत माझीं टिपणें आणि नकाशे मावणें शक्यच नव्हतें. जातांना तो आंकडा मीं पाहिला असता, तर सारा प्रकार तेथेंच उघड झाला असता.

पाटीवर विश्वास ठेवण्याची आपली संवय किती घातक ठरूं शकते, याचें उदाहरण २०१० सालीं जगानें पाहिलें. ‘स्टक्सनेट’ नांवाचा एक उपद्रवी प्रोग्राम त्या वर्षीं उघडकीस आला. विंडोजच्या शॉर्टकटांत राहून गेलेल्या एका उणिवेचा त्यानें फायदा घेतला होता. पेन ड्राइव्हवरील शॉर्टकट उघडण्याचीहि जरुरी नव्हती. त्याचें चित्र पडद्यावर नुसतें दिसलें कीं प्रोग्राम संगणकांत शिरे. त्याचा रोख इराणांतील युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांवर होता, असें तज्ज्ञांच्या तपासांत दिसून आलें. मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत ती उणीव दूर करण्यासाठीं दुरुस्ती प्रसिद्ध केली. आपल्या इकडेहि पेन ड्राइव्हवरील खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागीं त्याच नांवाचे खोटे शॉर्टकट मांडणारे उपद्रव पुष्कळांनीं अनुभवले आहेत. खोटी पाटी लावून वाटसरूस आडरानांत नेण्याची वाटमाऱ्यांची युक्ति जुनीच. यंत्राच्या युगांत तिनें वेष बदलला इतकेंच.

श्रोतेहो, या साठ वर्षांच्या हकिकतींतून मला जो बोध झाला तो असा. सोयीची वाट करणें यांत गैर कांहींच नाहीं. ज्यांनीं कप्पे निर्माण केले त्यांनींच ती दिली आहे. प्रश्न असतो तो दोन गोष्टींचा. ही चिठ्ठी कीं वस्तु, हें आपल्याला ठाऊक आहे काय? आणि वस्तु हलली तर चिठ्ठीला तें कळेल काय? हे दोन प्रश्न जो विचारील त्याची फजिती होणार नाहीं.

प्रत्यक्ष कृति अगदीं सोपी आहे. विंडोजवर आल्ट ही कळ दाबून धरून हवा तो फोल्डर दर्शनी पडद्यावर ओढून आणला कीं शॉर्टकट तयार होतो. मॅकवर ऑप्शन व कमांड या दोन कळा दाबून तेंच करावें. मात्र वाटा करण्यापूर्वीं कप्पे ठरवावे. कारण वाटा झाल्यावर कप्पे हलविले, तर त्यांतील कांहीं वाटा तुटण्याचा धोका असतो. कागद बरोबर न्यावयाचे असतील, तर चित्र न उचलतां मूळ फोल्डरापर्यंत जाऊन तो उचलावा, आणि निघण्यापूर्वीं त्याचें वजन पाहावें. शॉर्टकट पुसला तरी मूळ फोल्डर पुसला जात नाहीं, म्हणून तो पुसण्यास भिऊं नये; पण मूळ फोल्डर पुसल्यास शॉर्टकट त्याला परत आणणार नाहीं, याचा विसर पडूं देऊं नये.

अलीकडील तरुण पिढीला हे कप्पे फारसे पाहावेच लागत नाहींत. मोबाइलच्या पडद्यावर शब्द टंकला कीं वस्तु समोर येते. ती कोठें ठेवलेली आहे हें विचारण्याचें कारणच पडत नाहीं. बुश यांची उडी घेणाऱ्या मनाची कल्पना अशा रीतीनें बऱ्याच अंशीं खरी झाली, असें म्हणतां येईल. तरीहि एक प्रसंग प्रत्येक घरांत केव्हांना केव्हां येतो. घरांतील कर्तें माणूस जातें. आणि त्याच्या संगणकांत घराचे, विम्याचे, बँकेचे कागद कोठें आहेत तें मागें राहिलेल्यांना शोधावें लागतें. पडद्यावर चित्रांची रांग असते, प्रत्येकाच्या कोपऱ्यांत तो बाण असतो, आणि त्यांतील कित्येक बाण केव्हांच्याच काढून टाकलेल्या डिस्कांकडे बोट दाखवीत असतात. म्हणून माझी एवढीच विनंति आहे कीं, आपल्या संगणकांतील खऱ्या कपाटाचा पत्ता घरांतील आणखी एका माणसाला सांगून ठेवावा. माझ्या पुतण्यानें मला तो एकदां सांगितला होता. मीं तेव्हां त्याकडे लक्ष दिलें नाहीं. हल्लीं तो पत्ता माझ्या टेबलाच्या खणांत एका कागदावर शाईनें लिहिलेला आहे, आणि तो कागद कोठें आहे हें घरांत सर्वांना ठाऊक आहे.